नहराचा पूल आणि बहिणीचा वाटा

मूलहून गडचिरोलीकडे जाणारी एस.टी. सावलीच्या शिवारात शिरली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या लागतात. आमचे गाव याच तालुक्यातले. गाव लहान, पण त्याला एक मोठी खूण होती. कोणी पाहुणा पत्ता विचारू लागला तर लोक सांगत, "नहराचा पूल आला का थांबा. पुलाच्या खालतं बौद्धपुरा हाय." आमच्याकडे कालवा कोणी म्हणत नाही, नहरच म्हणतात. तर त्या पुलाविषयी आणि पुलावर झालेल्या एका बोलण्याविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते.

आम्ही म्हणजे दोघे भाऊ. थोरला कोळशाच्या खाणीतून निवृत्त झाला, धाकटा शाळेत मास्तर आहे. लेखणी धाकट्याच्या हातात असली तरी बोल दोघांचे आहेत. आणि ज्या चुकीविषयी लिहायचे तीही दोघांनी मिळूनच केली, म्हणून 'आम्ही' असेच लिहितो.

हा नहर आसोलामेंढा तलावाचा. पाथरीजवळ पाथरी नदीला मातीची पाळ घालून हा तलाव इंग्रजांच्या काळात बांधला गेला आणि १९१८ साली पूर्ण झाला. पाळीची लांबी तेराशे मीटरच्या वर आणि उंची सुमारे साडेसतरा मीटर आहे. त्याच्या आधी १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ जुन्या मध्यप्रांताने पाहिले होते. त्यांत माणसे किड्यामुंगीसारखी मेली. त्यानंतर सरकारने सिंचनाचा विचार करण्यासाठी आयोग नेमला आणि धानाच्या मुलखात मोठे तलाव बांधण्याचे काम सुरू झाले. नागभीडकडचा घोडाझरी तलाव १९२३ साली पूर्ण झाला, तोही याच काळातला. झाडीपट्टीत तलाव काही इंग्रजांनी आणले नाहीत. गोंड राजांच्या काळापासून गावोगावी तलाव आणि बोड्या होत्या. परंतु तलावातून मैलोगणती नहर काढून दूरदूरच्या गावांना पाणी द्यायचे, हे काम आमच्या भागात नवे होते.

धानाच्या पिकाला या पाण्याची गरज नेमकी कधी लागते, हे शहरातल्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. आषाढ-श्रावणात पावसावर रोवणी होऊन जाते. खरी परीक्षा पुढे असते. हस्ताचा पाऊस हुकला आणि धान निसवायच्या वेळी बांधी कोरडी पडली, तर लोंबीत दाणा भरत नाही, नुसता पोल राहतो. अशा वेळी एक पाणी मिळाले की पीक हाती येते. त्या एका पाण्यासाठी आमच्याकडे भाऊ भावाला ओळखत नाही.

आमचा जुना पूल दगड-चुन्याचा होता. एक बैलबंडी जेमतेम जाईल इतकाच रुंद. दोन्ही बाजूंना कमरेइतकी भिंत आणि त्या भिंतीचा वरचा दगड बसून बसून गुळगुळीत झालेला. नहराच्या वरच्या अंगाला मोठे गाव, शाळा आणि पाटलाचा वाडा. खालच्या अंगाला आमचा मोहल्ला, त्यापुढे बांध्या आणि बांध्यांच्या पलीकडे जंगल. त्यामुळे शाळेला जाणे असो, बाजाराला जाणे असो की दळण नेणे असो, पूल ओलांडल्याशिवाय आमचे काहीच होत नसे. मोहफुले वेचून आलेल्या बाया पाट्या भिंतीवर ठेवून तिथे दम घेत. तेंदूपत्त्याच्या दिवसांत पुडे बांधण्याच्या गोष्टी तिथेच चालत. कोणाच्या घरी सोयरीक आली, कोणाचा मुलगा बल्लारपूरला कामाला लागला, ही बातमी आधी पुलावर येई आणि मग घरात.

आमची आजी सांगे की तिच्या तरुणपणी आमच्या लोकांनी पुलाच्या खालतीच पाणी भरायचे आणि खालतीच आंघोळ करायची, असा गावचा शिरस्ता होता. वरच्या अंगाचे पाणी वरच्या लोकांचे. वाहत्या पाण्याला विटाळ नसतो, असे तोंडाने म्हणायचे, पण जागा मात्र वाटून घेतलेली. महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी पाणी घेतले, ही गोष्ट आमच्या गावात पोचायला बरीच वर्षे लागली. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याला धम्मदीक्षेचा समारंभ झाला. आमचे आजोबा बैलबंडीने तिकडे गेले होते. परत आल्यावर आठ-दहा जणांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर पुलाच्या वरच्या अंगाला जाऊन आंघोळ केली. भांडण झाले, काही दिवस मजुरी बंद झाली. पण पुढच्या रोवणीला हात तर आमचेच लागणार होते, म्हणून ते मिटले. आजी हे सांगताना हसत असे. "पानी तेच होतं पोट्टे हो, पाय मात्र आमचे वर गेले," असे ती म्हणे.

आता आमच्या बहिणीविषयी. ती आमच्यात सर्वांत मोठी. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, आम्हीही तिला बाईच म्हणतो. १९७५ साली ती सातवी पास झाली. पुढची शाळा सावलीला होती. मुलीला एवढ्या लांब कोण धाडणार? शिवाय आईबरोबर रोवणीला दुसरा हात हवा होता. बाईचे दप्तर आढ्याला टांगले गेले ते कायमचेच. त्याच्या पुढच्या वर्षी धाकट्याचे नाव पहिलीत घातले.

पावसाळ्यात नाल्याला पूर आला की पूल वर राहायचा, पण पुलाकडे जाणारी वाट पाण्याखाली जायची. कधी गुडघाभर, तर कधी कमरेइतके पाणी. बाई रोवणीला जाण्याआधी धाकट्याला पाठीवर घेई, थोरल्याचा हात धरी आणि आम्हाला पुलावर आणून सोडी. तेथून पुढे आम्ही शाळेत जायचो आणि ती मागे फिरून चिखलात उतरायची. संध्याकाळी तिचे पाय पाण्याने पांढरेफटक पडलेले असत. पुलाच्या भिंतीवर बसून ती आम्हाला विचारी, "आज मास्तरनं काय शिकवलं?" आम्ही सांगायचो, ती ऐकायची. गणित तिला आमच्याआधी यायचे. थोरला पुढे सावलीच्या शाळेत गेला तेव्हा जुनी सायकल घेतली, तीही तिच्याच मजुरीतून.

१९७८ साली बाबांनी पावणेदोन एकर धानाची जमीन घेतली. आमच्या घराण्यातली ही पहिली जमीन. दुसऱ्याच्या बांधीत राबता राबता पैसा पैसा जोडून घेतलेली. त्या पैशात आईची मजुरी होती, बाबांच्या रस्त्याच्या कामाचे पैसे होते आणि बाईच्या चार रोवण्या होत्या. हे त्या वेळी घरात सगळ्यांना ठाऊक होते. पुढे आम्ही दोघे ते विसरलो.

जमीन स्वस्त मिळाली, कारण ती पाटाच्या अगदी टोकावर होती. नहराचे पाणी वितरिकेत, वितरिकेतून पाटचारीत आणि पाटचारीतून बांधीत येते. मधल्यांनी आपापल्या बांध्या भरून घेतल्या की टोकाला चिखलसुद्धा येत नाही. बाबा रात्री-बेरात्री कंदील घेऊन पाटाने वर वर जात. कुठे कोणी दगडमातीने पाट अडवलेला असे, तो मोकळा करीत आणि पाण्याबरोबर चालत खाली येत. ते खाली पोचेपर्यंत वरती पुन्हा अडवलेले असे. "टोकावरच्याले काय पानी लागते? तुमचं होते तसंबी," असे लोक तोंडावर म्हणत. बाबा भांडत नसत, पण जायचे थांबतही नसत. एका हंगामात ते लागोपाठ सात रात्री गेले आणि सातव्या रात्री आमच्या बांधीत पाणी आले. त्या पहाटे बाई आणि आई धुऱ्यावर उभ्या राहून पाण्याकडे बघत होत्या, ते चित्र आमच्या डोळ्यांसमोरून आजही जात नाही.

१९८० साली बाईचे लग्न झाले. सासर वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोलीच्या बाजूला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला आणि बाई परजिल्ह्यातली झाली. ती जागची हलली नव्हती. पण आम्ही मात्र त्या दिवसापासून तिला लांबची समजू लागलो की काय कोण जाणे.

पुढे बरेच बदलले. आई-बाबा त्या जमिनीत एच.एम.टी. धान लावू लागले. हे वाण नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी रामाजी खोब्रागडे यांनी शोधले. दीड एकराचा धनी, आपल्याच समाजाचा माणूस. १९८३ साली बांधीतल्या काही वेगळ्या लोंब्या त्यांच्या नजरेला पडल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षे पेरून पाहिल्या आणि त्यातून बारीक दाण्याचे, चवीचे धान तयार झाले. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव त्याला मिळाले. ३ जून २०१८ रोजी दादाजी गेले. त्यांचे धान देशभर पसरले, पण ते स्वतः गरीबच राहिले. बाबा त्यांच्याविषयी म्हणत, "बांधीकडे पाहनारे लय हायेत. पाहून समजनारा एखादाच."

नहरही बदलला. वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. त्याचा उजवा कालवा सुमारे ९९ किलोमीटर चालत येऊन आसोलामेंढ्याला मिळतो. म्हणजे आमच्या जुन्या तलावात आता वैनगंगेचे पाणी. त्यासाठी तलावाचे आणि नहराचे नूतनीकरण निघाले. आमच्या भागात नहर रुंद झाला, काठ सिमेंटचे झाले आणि जुना दगडी पूल पाडून मोठा पूल बांधला गेला. आता त्यावरून ट्रॅक्टर काय, ट्रकही जातो. वाट पाण्याखाली जात नाही. चांगलेच झाले. मात्र सिमेंटच्या उभ्या काठावरून गुरे घसरतात, जंगलातली जनावरेही घसरतात, आणि त्यांना नहर पार करायला जागा ठेवाव्यात, हा प्रश्न आमच्या भागात आहे. वाघाची भीतीही वाढली आहे. सावली, सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरी या पट्ट्यात सरपणाला नि मोहाला गेलेली माणसे वाघाने मारल्याच्या घटना घडतात. म्हणून बाया आता पुलावर जमतात आणि घोळक्यानेच पुढे जातात.

बाबा २००३ साली गेले, आई २०२१ साली. सातबारा बाबांच्याच नावावर होता. पाणी येणार म्हटल्यावर टोकावरच्या जमिनीलाही गिऱ्हाईक आले. आम्ही दोघे नोकरीतले, शेती कोण करणार? विकावी असे ठरले. गिऱ्हाइकाने सांगितले, बहिणीचे हक्कसोडपत्र आणा. आम्ही दोघांनी कागद तयार करून घेतला. बाईला विचारावे, हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नाही. बहीण सही देतेच, असे आम्ही धरून चाललो होतो. ज्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, जयंतीला ज्या घरातली माणसे समतेवर भाषणे करतात, त्याच घरातले आम्ही.

आईच्या पहिल्या स्मृतिदिनाला, २०२२ साली, बाई गावी आली. वंदना झाली, भोजनदान झाले. संध्याकाळी आम्ही तिला म्हटले, चल बाई, पुलापर्यंत जाऊन येऊ. घरात पाहुण्यांसमोर कागद काढणे बरे दिसणार नव्हते, हे खरे कारण. नव्या पुलाला लोखंडी कठडा आहे, त्यावर बसता येत नाही. बाई उभीच राहिली. थोरल्याने पिशवीतून कागद काढला. बाईने चष्मा लावला, सगळा कागद पहिल्या ओळीपासून वाचला आणि घडी घालून परत थोरल्याच्या हातात दिला.

"सही मागता, देईन बाबू. अंगठा नाही, सही करीन. सातवी पास आहो मी. पन एक सांगा. मले जमीन नोको हाय, हे तुमाले कोनं सांगतलं?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. धाकटा काहीतरी बोलायचे म्हणून म्हणाला, "बाई, तुही गडचिरोलीले शेती हाय ना. तुले कायले पायजे?"

बाई नहराकडे बघत होती. ती रागावली नाही, आवाजही चढवला नाही. म्हणाली, "बाबा राती पान्याले जात तवा लोक असंच म्हनत. टोकावरच्याले काय पानी लागते? आता तुमीबी तसंच म्हनता का?"

आम्ही पुष्कळ वेळ तिथे उभे होतो. वरच्या अंगाकडून दोन मुली सायकलवर आल्या, घंटी वाजवून पुढे गेल्या. थोरल्याने कागद पिशवीत ठेवला. घरी आल्यावर रात्री आम्ही दोघे बोललो. पैशाविषयी नाही, चार रोवण्यांविषयी बोललो. ज्या पाठीवर बसून आम्ही शाळेत गेलो, त्या पाठीचा हिशेब आम्ही कधी मांडलाच नव्हता. आमच्या दोघांची नोकरी त्या पाठीवरून पुलापर्यंत आली आणि तेथून पुढे गेली. जमिनीतही तिचा घाम होता. आणि आम्ही तिच्यापुढे ठेवले काय, तर सोडपत्र!

दुसऱ्या दिवशी आम्ही माहितगाराला विचारले. त्याने सांगितलेले इथे मुद्दाम लिहितो, कारण ते पुष्कळ घरांत ठाऊक नसते. १९५६ चा वारसा कायदा नावाने हिंदू असला तरी तो बौद्धांनाही लागू आहे. त्या कायद्याप्रमाणे बाप मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या स्वकष्टाच्या मिळकतीत विधवा, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा आहे. मुलीचे लग्न झाले म्हणून तो वाटा जात नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांसारखा जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला आणि देशभर तो २००५ साली मिळाला. म्हणजे आम्ही बाईला काही द्यायचे नव्हतेच. ते तिचेच होते. ज्या बाबासाहेबांनी स्त्रियांच्या वारसाहक्कासाठी कायदामंत्री म्हणून झगडा दिला आणि १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्यांच्या अनुयायांना हे दुसऱ्याकडून ऐकावे लागले, याची लाज वाटली.

जमीन विकली नाही. वारसनोंद केली आणि सातबारावर तिघांची नावे चढली. आईचा वाटाही तिघांत सारखा गेला. शेती गावातल्या एका नातलगाला ठोक्याने लावता आली असती, पण बाई म्हणाली, मी पाहते. ती रोवणीला आणि कापणीला येते. चुरणे झाले की धानाचे तीन वाटे पडतात. पहिल्या वर्षी तिने आपल्या वाट्यातले अर्धे पोते इथेच ठेवले आणि सांगितले, "आईच्या स्मृतिदिनाच्या भोजनदानाले." आम्हाला हे सुचले नव्हते.

आणखी एक गोष्ट घडली. सिंचन व्यवस्थापनाविषयी राज्याने २००५ साली कायदा केला. त्याप्रमाणे कालव्यावर पाणी वापर संस्था बनतात. सातबारावर नाव असेल तर बाईमाणूसही त्यात सभासद होते. या पद्धतीत पाणी शेवटापासून सुरुवातीकडे द्यायचे, म्हणजे टोकावरच्याला आधी, असे धोरण आहे. ते सगळीकडे पाळले जाते असे आम्ही म्हणणार नाही. टोकावर आजही भांडावे लागते. पण आता भांडायला बाई जाते. बैठकीत ती एकदा उभी राहिली आणि म्हणाली, "माह्या बापाच्या सात राती या पाटात गेल्या. आठवी मी जाऊ देनार नाही." हे आम्हाला दुसऱ्यांकडून कळले.

वाचक बंधू-भगिनींनो, हे घरातले उणे चव्हाट्यावर मांडायला आम्हाला अवघड गेले. पण आपल्या कितीतरी घरांत असा कागद पेटीत पडलेला असेल आणि बहीण राखीला नाहीतर जयंतीला माहेरी येण्याची वाट पाहिली जात असेल. तिची सही मिळेलही. आपल्या बहिणींना नाही म्हणायची सवय नाही. पण कागद पुढे करण्यापूर्वी तिला एक प्रश्न अवश्य विचारावा, "तुला काय पाहिजे?" आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. आम्ही थांबलो नव्हतो, हे इथे कबूल करतो.

आता या हंगामाची रोवणी झाली आहे. परवा बाईचा फोन होता. "नहराले पानी सोडलं का? पुलावर जाऊन पाहून या, मंग सांगा." आम्ही दोघे लगेच निघालो.